न झालेल्या तासाची साक्ष

१

त्या बाई खरं बोलत नाहीत हे मला कळलं, तेव्हा त्या डोळे मिटून बोलत होत्या आणि समितीतल्या तिघांनीही लिहायचं थांबवलं होतं.

आमच्या कॉलेजात दर काही वर्षांनी प्रत्येक विभागाचा आढावा होतो. विभागाने आधी स्वतःबद्दल जाडजूड अहवाल लिहायचा आणि त्यात स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची. मग बाहेरच्या कॉलेजांतली तीन जाणती माणसं येणार, दोन दिवस वर्ग, प्रयोगशाळा, मुलं, मास्तर सगळं खालीवर करून बघणार आणि हा अभ्यासक्रम चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते सांगणार. त्याची जुळवाजुळव मी करते. खुर्च्या, चहा, वेळापत्रक, बैठकांची टिपणं आणि सगळ्यांचे रुसवेफुगवे. माझ्या दारावर ‘समन्वयक’ अशी पाटी आहे, पण कॉलेज मला आढावाबाई म्हणतं. मी दिसले की लोकांना अचानक महत्त्वाची कामं आठवतात.

यंदा पाळी भूशास्त्र विभागाची होती. विद्यार्थी रोडावलेले, छत गळकं, सूक्ष्मदर्शक माझ्याहून वयाने मोठे. त्यातून प्राचार्यांचा त्या इमारतीवर डोळा होता, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. समितीचे अध्यक्ष सकाळपासून नुसते ‘हं’ म्हणत फिरत होते. असले ‘हं’ मी पुष्कळ ऐकलेत. विभाग गेल्यातच जमा होता.

दुपारी माजी विद्यार्थ्यांची बैठक झाली. या बैठकीत विभागातल्या कुणालाही पाऊल टाकता येत नाही, नाहीतर माणसं मोकळेपणाने बोलणार कशी? आत फक्त समिती, माजी विद्यार्थी आणि कोपऱ्यात टिपणं घेणारी मी. आलेली मुलं सगळी अलीकडची होती आणि ‘छान होतं’, ‘मजा यायची’ यापुढे त्यांची गाडी सरकत नव्हती. त्यांच्यात या एकच वयस्क बाई. पांढरे केस, इस्त्रीचे साधे कपडे, मान जराशी डावीकडे कललेली.

“तुम्ही कोणत्या बॅचच्या?” अध्यक्षांनी विचारलं.

“सरांच्या सगळ्याच बॅचची म्हणा,” त्या म्हणाल्या आणि सगळे हसले.

भूशास्त्रात नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच. ज्यांनी हा अभ्यासक्रम नावारूपाला आणला, आयुष्यभर शिकवला, आणि जे निवृत्त होऊन परवापरवा वारले ते. मीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. पुढे दगड सोडून कागदात रमले, ती गोष्ट वेगळी.

“तुम्हाला त्यांचा कोणता तास आठवतो?” अध्यक्षांनी विचारलं.

बाईंचा डावा खांदा किंचित वर गेला. त्यांनी डोळे मिटले.

“शेवटच्या दिवसाचा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मागच्या टेकडीत शंखशिंपले सापडतात. म्हणजे इथे समुद्र होता. तर तो गेला कुठे, त्याचा तास. सगळ्यांना वाटतं समुद्र निघून गेला. समुद्र कुठेही जात नाही. तो आपल्या जागी आहे. जमीन उठली आणि ती निघून आली. आता इतक्या उंचावर बसून ती म्हणते, मला सोडून गेला.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्या माणसाला विभाग बंद करायची घाई उरली नव्हती.

मी पेन खाली ठेवलं. कारण तो तास सरांनी कधी घेतलाच नव्हता. एकाही बॅचला नाही, एकाही वर्षी नाही.

२

सर वर्षभर त्या तासाची लालूच दाखवायचे. टेकडीवर नेऊन शिंपले दाखवायचे आणि कुणी विचारलं की म्हणायचे, “समुद्र गेला कुठे, ते शेवटच्या दिवशी.” पण परीक्षेपूर्वीची सुट्टी तोंडावर आली की मुलं आदल्या दिवशीच गावाला पसार व्हायची. शेवटच्या दिवशी सर वर्गाच्या दारात यायचे, रिकामे बाक बघायचे आणि “पुन्हा कधीतरी” म्हणून परत जायचे. आमच्या वर्षी आम्ही मोजकी मुलं वाट बघत बसलो होतो. आम्हालाही तेच ऐकावं लागलं.

पुढे तर ती म्हणच झाली. जे कधी व्हायचं नाही, ते ‘सरांचा शेवटचा तास’. लग्न कधी करतोस? सरांच्या शेवटच्या तासानंतर. सरांकडे शिकलेला कुठलाही माणूस दुसरं काही विसरेल, पण तो तास कधी झाला नाही हे विसरणार नाही.

म्हणजे या बाई सरांच्या विद्यार्थिनी नव्हत्या. मग कोण होत्या? बैठक संपल्यावर त्या गर्दीतून निघूनही गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. मला वाटलं विभागाने विचारलं असेल, विभागाला वाटलं मी.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. बाई तोतया होत्या, पण वाक्यं तोतया नव्हती. तो समुद्र, ती रुसलेली जमीन, ते सरांचंच बोलणं होतं. मी कुठेही ओळखलं असतं. ज्या उत्तरासाठी मी अर्धं आयुष्य थांबले, त्याची सुरुवात एका परक्या बाईच्या तोंडून माझ्या कानावर पडली होती. मला भयंकर चीड आली, आणि त्याच वेळी वाटलं की त्यांनी थांबूच नये.

तरी प्राचार्यांकडे गेले. टिपणं घेणाऱ्या माणसाने असली गोष्ट पोटात ठेवायची नसते.

प्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे विभागाने भाड्याची साक्षीदार उभी केली,” ते म्हणाले.

“तसं मी म्हटलेलं नाही.”

“उद्या दुपारी समितीची समारोपाची बैठक आहे. त्याआधी मला सांगा ती कोण आणि तिला कुणी आणलं. विभागातल्या कुणाचाही हात निघाला, तर मी स्वतः समितीसमोर सांगेन आणि त्या इमारतीला कुलूप लावेन.”

विभागात असा उद्योग करू शकतील अशी माणसं तीनच होती. तिघांनाही मी चांगली ओळखत होते, आणि तिघांवरही माझा जीव होता.

३

तिघांतले पहिले, विभागप्रमुख. मुलं त्यांना ‘बहुतेक सर’ म्हणतात, कारण आज वार कोणता विचारलं तरी ते ‘बहुतेक मंगळवार’ म्हणतील. माझ्या पुढच्या बॅचचा हा मुलगा, आता टक्कल पडलेलं.

“बाई? कोण बाई?” त्यांनी विचारलं. “आम्हाला तर तुम्ही आत येऊ देत नाही.”

“म्हणूनच बाहेरून कुणाला तरी पाठवायला तुम्हाला बरं.”

“अहो, मला साधी रजा मागायची तर दोन दिवस झोप लागत नाही. मी काय कुणाला पाठवणार?”

हे मात्र खरं होतं. मग मी सरांबद्दल विचारलं. त्यांच्या घरी कोण असायचं?

“कुणीच नाही. कॉलेजच्या क्वार्टरमध्ये एकटे. लग्न केलं नाही, पाहुणा नाही की रावळा नाही. पण तास कसा असायचा आठवतं ना? एक शब्द अडखळला नाही कधी. बहुतेक आदल्या संध्याकाळी पूर्ण म्हणून बघायचे.”

“कुणापुढे?”

“भिंतीपुढे, बहुतेक. संध्याकाळी त्यांना काही विचारावं म्हटलं तर फोन लागायचा नाही. कायम एंगेज. आम्ही म्हणायचो, म्हातारा रिसीव्हर काढून ठेवतो.”

मी बाईंची वाक्यं म्हणून दाखवली. समुद्र आपल्या जागी आहे, जमीन उठली आणि ती निघून आली. बहुतेक सर खुर्चीत हळूहळू मागे टेकले. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“हे सरांचंच आहे,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांचं ‘बहुतेक’शिवायचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

४

दुसरी संशयित तासिकेवर शिकवणारी तरुण बाई. ती कॉलेजचं नाट्यमंडळ चालवते, म्हणून तिला ‘नाटकवाली’ म्हणतात. पांढऱ्या केसांची, गळा भरून बोलणारी नटी कुठे मिळते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि विभाग बंद पडला तर पहिली नोकरी तिचीच जाणार.

“मी आणली?” ती उसळलीच. “मी आणली असती तर तिला शेवटी जरा तरी रडवलं असतं. तुम्ही सांगताय त्यावरून बाई फारच आवरून बोलली.”

“माजी विद्यार्थ्यांना बोलावलं कुणी?”

“मीच. दुसरं कोण करणार? विभागाच्या जुन्या मोबाइलमध्ये जेवढे नंबर ‘माजी’ म्हणून होते, तेवढ्यांना एकच निरोप पाठवून दिला. कोण कुठल्या काळातला, कोण जाणे. अर्ध्यांची नावंही नाहीत, नुसते आकडे.” मग तिचा आवाज खाली आला. “मला ही नोकरी हवी आहे हो. पण अशी नको.”

तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. पण ती नट्या घडवते हेही डोक्यातून जाईना.

तिसरे, संग्रहालयाचे काका. दगडांची कपाटं तेच सांभाळतात आणि विभागासाठी ते काहीही करतील. पण मी विचारायच्या आतच तेच म्हणाले, “ती कललेल्या मानेची बाई कोण हो? बैठकीच्या आधी इथे येऊन गेली.”

“काय करत होत्या?”

“दारातून आत आली आणि मला विचारते, शंखाचा मोठा दगड कुठाय? अहो, त्याच्याच शेजारी उभी होती! त्याला ढुंगण टेकून म्हणा ना.”

तो दगड दारातच आहे, पोत्याएवढा. परीक्षेआधी त्याला हात लावून गेला नाही असा विद्यार्थी झाला नाही. लावून लावून तो एका बाजूने गुळगुळीत झालाय.

“मग मी दाखवला,” काका सांगत होते. “तर दोन्ही हात ठेवून म्हणते, अगंबाई, एवढा? मला वाटलं मुठीत मावेल. पण गंमत बघा, त्याला वेढे किती, वरचं टोक कुठे मोडलंय, आत चकाकी कसली आहे, सगळं घडाघडा सांगितलं. न बघता. माझ्याकडे तोंड करून.”

“आणखी काही?”

“कपड्याला छातीपाशी टाचण्या खोचलेल्या होत्या. शिवणकामवाल्यांच्या असतात तशा. काढायच्या राहिल्या असतील.”

जो दगड त्यांना सगळा पाठ होता, तो त्यांनी त्या दिवसापूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

५

मी सरांच्या वर्गात जाऊन बसले, दुपारी बैठक झाली होती तिथेच. संध्याकाळचं ऊन फळ्यावर आलं होतं. या खोलीत आले की मला अजून वाटतं, आता दार ढकलून येतील. गेलेल्या माणसाची वाट बघायची सवय लागली की ती सुटत नाही.

मग मी मनाशी मांडायला लागले. बाईंनी सगळं ऐकलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर दगडाचा आकार कळला असता. तास बोलून सांगता येतो, पण दगड केवढा हे सरांनी कधी बोलून सांगितलं नसणार, कारण वर्गात तो समोरच असायचा. दुसरं, जो तास या खोलीत झाला नाही तोही त्यांनी ऐकला होता. म्हणजे त्यांनी वर्गातला तास ऐकलेलाच नव्हता. त्यांनी आदल्या संध्याकाळचा, म्हणून बघितलेला तास ऐकला होता. सरांच्या घरी तर कुणी नव्हतं. पण सरांचा फोन रोज संध्याकाळी एंगेज असायचा.

आणि बाईंची मान डावीकडे कललेली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन्ही हात कापडात गुंतलेले असतात. तिला तासभर फोन ऐकायचा तर तो खांदा आणि कान यांच्यामध्येच धरावा लागणार. वर्षानुवर्षं तसा धरला तर मान तशीच राहणार.

सर भिंतीपुढे बोलत नव्हते. दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

आता एकच प्रश्न उरला. आढाव्याची बैठक आहे हे त्या बाईंना कळलं कसं? मी पायऱ्या उतरून नाटकवालीला गाठलं.

“त्या मोबाइलमध्ये सरांचा नंबर आहे का बघ.”

“कुठल्या सरांचा? ते तर गेले.”

“ते याच विभागात शिकले होते. अगदी पहिल्या बॅचला. मास्तर नंतर झाले, आधी इथलेच माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून मेलेल्यांना कुणी काढत नाही. बघ तू.”

तिने आकडे वर सरकवले आणि तिचा हात थांबला.

“आहे,” ती म्हणाली. “मी त्यांना आमंत्रण पाठवलंय. आणि... उत्तर आलंय. ‘नक्की’ म्हणून.”

मी तो नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“बोल,” पलीकडून आवाज आला, घरच्या माणसाला म्हणावं तसा.

६

बस स्टँडजवळच्या लॉजच्या खालच्या हॉटेलात त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला भेटल्या. पुढ्यात चहा होता आणि टेबलावर सरांचा फोन.

“सवयीने ‘बोल’ म्हटलं हो,” त्या म्हणाल्या. “त्याचा फोन आता मीच घेते. मी त्याची मोठी बहीण.”

“तुम्ही समितीपुढे विद्यार्थिनी म्हणून...”

“मी कुठे म्हटलं मी विद्यार्थिनी? त्यांनी विचारलं कोणत्या बॅचच्या, मी म्हटलं सगळ्याच. त्यात खोटं काय?”

खोटं काहीच नव्हतं. आम्हीच हसलो होतो.

मग त्यांनी सांगितलं. सर नवे मास्तर झाले तेव्हा त्यांचे पाय लटपटायचे. पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दूरच्या गावी असलेल्या बहिणीला फोन केला. ‘ताई, तुला सांगून बघतो, कंटाळा आला तर सांग.’ ताईंच्या हातात शिवण होतं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

“मला कळायचं सगळं,” त्या म्हणाल्या, “तरी म्हणायचे, हे कळलं नाही, पुन्हा सांग. तेवढाच जरा लांबायचा फोन.”

“निवृत्तीनंतर?”

“निवृत्तीनंतरही. उद्या तास नाही हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. तरी म्हणायचा, ताई, उद्याचा ऐक.” त्यांनी चहाचा कप उगाच फिरवला. “तो गेल्यावर त्याचा फोन मी चालू ठेवला. रोज चार्ज करते. कोण करणार आहे त्याच्यावर फोन? आणि परवा एकदम तुमच्या कॉलेजचा निरोप. त्याला बोलावलं होतं हो. इतकं बरं वाटलं. तो तर येऊ शकत नव्हता, मग मी आले. ज्या खोलीबद्दल इतकं ऐकलं ती एकदा बघावी म्हटलं.”

“आणि शेवटच्या दिवसाचा तास?” मी जपून विचारलं.

“तो तर दरवर्षी! आदल्या संध्याकाळी मला म्हणून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगायचा, छान झाला ताई, पोरं उठायलाच तयार नव्हती.”

सर दरवर्षी रिकामे बाक बघून परत यायचे आणि बहिणीला सांगायचे, पोरं उठायला तयार नव्हती.

“तुम्हाला कसं कळलं मी विद्यार्थिनी नाही ते?” त्यांनी विचारलं.

मी दगडाचं सांगितलं. मानेचं सांगितलं, एंगेज फोनचं सांगितलं, टाचण्यांचंही. त्या कौतुकाने ऐकत राहिल्या. सगळा उलगडा जिच्यावर उभा होता ती खूण मात्र मी गिळून टाकली. तपास करणाऱ्याने असं करू नये, पण मला ते जमलं नसतं.

“माझ्यामुळे तुमच्या लोकांवर आळ आला, होय ना?” त्या उठल्या. “चला. मी स्वतः सांगते. माझं बोलणं खोडून टाका म्हणावं.”

त्या समितीपुढे येणार होत्या. तिथे प्राचार्य असणार होते, आणि प्राचार्यांना ती खूण मीच सांगून बसले होते.

७

समारोपाच्या बैठकीला विभागातल्यांनाही बोलावतात. बहुतेक सर भिंतीला चिकटून बसले होते, नाटकवाली त्यांच्या शेजारी. ताई माझ्याजवळ.

मी सगळं मांडलं. दगड, मान, फोन, मेलेल्या माणसाला गेलेलं आमंत्रण. विभागाने कुणालाही पेरलं नव्हतं. चूक झाली होती ती जुने नंबर कधी न चाळण्याची, आणि ती या कॉलेजात कुणीही केली असती. ताईंनीही आपलं दोन वाक्यांत सांगितलं. मांडणी सुरेख जुळली. मधोमध एक भोक होतं, ते माहीत नसलेल्याला दिसलं नसतं.

प्राचार्यांना दिसलं. इमारत हातची निसटतेय म्हणून ते आधीच वैतागले होते.

“पण मुख्य मुद्दा तुम्ही गाळलात,” ते मला म्हणाले. “तो शेवटचा तास तर मुळात...”

तेवढ्यात बहुतेक सरांपुढचा पाण्याचा जग आडवा झाला. पाणी सगळं प्राचार्यांच्या मांडीवर. बहुतेक मुद्दाम. बहुतेक सर रुमाल घेऊन त्यांना पुसायला धावले आणि पुसता पुसता त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. प्राचार्यांनी ताईंकडे बघितलं. ते वाईट माणूस नाहीत, फक्त इमारतीच्या मोहात पडले होते. ते गप्प बसले.

“या बाई माजी विद्यार्थिनी नाहीत,” अध्यक्ष म्हणाले, “तेव्हा नियमाप्रमाणे त्यांचं बोलणं आम्हाला धरता येणार नाही. ते खोडलं.” मग ते माझ्याकडे वळले. “पण तुम्ही इथे शिकलात ना? तुम्ही सांगा. तो शेवटचा तास खरंच तसा होता?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईही. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. हो म्हणावं तर समितीपुढे धडधडीत खोटं, विभाग वाचला तरी खोट्यावर वाचणार. नाही म्हणावं तर या बाईच्या दर वर्षीच्या त्या एका संध्याकाळचा मी चुराडा करणार. सरांनी आयुष्यभर जे जपलं ते मी भर बैठकीत मोडायचं?

“त्या तासाची आम्ही वर्षभर वाट बघायचो,” मी म्हणाले. “मला तर आजही त्याची ओढ आहे.”

यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

अध्यक्षांनी कागद मिटले. “एवढं पुरे,” ते म्हणाले. बाहेर पडताना मात्र माझ्याजवळ थांबून त्यांनी हळूच विचारलं, “झाला नव्हता ना?” मी टिपणांची वही मिटली. त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

अहवाल यथावकाश आला. विभागाला गळक्या छतापासून जुन्या नंबरांपर्यंत सगळ्यावरून बोलणी होती, ताईंचं एक वाक्य नव्हतं, आणि अभ्यासक्रम पुढच्या आढाव्यापर्यंत चालू ठेवावा असं होतं. तो वाचून बहुतेक सर माझ्या खोलीत येऊन नुसतेच बसून राहिले. शेवटी एक शिफारस होती, जी आजवर मी कुठल्याच अहवालात पाहिली नव्हती. परीक्षेपूर्वीची सुट्टी शेवटच्या दिवसाचे सर्व तास पूर्ण झाल्यावरच सुरू करावी, आणि त्या दिवशी सर्वांची हजेरी सक्तीची असावी. हे कुठून आलं, असं प्राचार्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक.

८

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बैठक संपल्यावर मी ताईंना बसपर्यंत सोडायला गेले. त्यांची पिशवी माझ्या हातात होती. ऊन उतरत होतं आणि स्टँडवर फारसं कुणी नव्हतं.

“तुम्ही खोटं बोलला नाहीत,” ताई म्हणाल्या. “आणि खरंही सांगितलं नाहीत. छान जमलं हो तुम्हाला.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“एका वर्षी ऐन त्या दिवशी तुमच्याकडे वादळ होतं. बातम्यांत दाखवत होते, सगळी कॉलेजं बंद. संध्याकाळी याचा फोन, छान झाला ताई, पोरं उठायलाच तयार नव्हती.” त्या हसल्या. “लहानपणापासून त्याला धड खोटं बोलता यायचं नाही. मी म्हटलं, हो का रे? दुसरं काय म्हणणार?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग काल तिथे...”

“त्या खोलीत ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. म्हटलं, निदान माझ्या तोंडून तरी निघू दे. तेवढ्यासाठीच तर आले.”

बस स्टँडात वळली. आता विचारलं नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“ताई, पुढे काय आहे?” मी विचारलं. “जमीन म्हणते, मला सोडून गेला. त्याच्या पुढे सर काय म्हणायचे?”

माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला. ताईंनी माझ्या गालाला हात लावला. शिवणाने खरबरीत झालेला हात होता.

“पुढे पुष्कळ आहे,” त्या म्हणाल्या. “फार सुंदर आहे.”

बस समोर येऊन उभी राहिली. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि पायरीवर पाय ठेवून त्या मागे वळल्या.

“पण ते त्याने एकट्या मलाच सांगितलं ना गं. तेवढं माझ्याकडेच राहू दे.”